रेशनचं धान्य घरात आहे, तरी नऊ महिन्यांच्या मुलीचं वजन का थांबलं?

पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर काम करणाऱ्या आशाताईंचा (गावच्या आरोग्य कार्यकर्तीचा) प्रश्न असा : "मुलगी ९ महिन्यांची. सातव्या महिन्यात वजन ६ किलो ५०० ग्रॅम होतं, आज ६ किलो ६०० ग्रॅम आहे. दंडघेर १२.३ सेंटिमीटर. आई अजून अंगावर पाजते. घरात मुलीला धरून सहा माणसं, रेशनकार्डावर पाच नावं, तांदूळ-गहू मिळतो. पण आषाढ-श्रावणात हातात पैसा नसतो, डाळ आणि तेल पुरत नाही. आई सकाळी लावणीला जाते ती संध्याकाळी येते. मुलीला आजी पेज भरवते. रजिस्टरमध्ये मुलगी 'साधारण' गटात आहे. काही करायला हवं का?"

हो, करायला हवं, आणि याच आठवड्यात. रजिस्टर चुकलेलं नाही, पण ते अर्धंच सांगतं. ९ महिन्यांच्या मुलीसाठी कमी वजनाची रेषा ६.५ किलोवर आहे आणि ही मुलगी तिच्या जेमतेम १०० ग्रॅम वर आहे, म्हणून ती 'साधारण'. या वयात दोन महिन्यांत अर्धा किलोच्या आसपास वजन वाढायला हवं होतं, वाढलं १०० ग्रॅम. शिवाय दंडघेर ११.५ ते १२.५ सेंटिमीटरच्या मध्ये म्हणजे मध्यम कुपोषण. वजनाची रेघ सपाट झाली की वाढीच्या तक्त्यावर मूल कोणत्या रंगाच्या पट्ट्यात आहे हे बघत बसू नये.

आधी मोजमाप पक्कं करा. वजन त्याच काट्यावर, काटा शून्यावर आणून, अंगावरचे कपडे काढून घ्या. दंडघेर डाव्या हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला असताना. पट्टी कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. नंतर तीन गोष्टी विचारा. गेल्या दोन महिन्यांत जुलाब किंवा ताप कितीदा आला? घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? असेल तर त्या माणसाची थुंकी तपासून घ्या आणि मुलीला डॉक्टरांना दाखवा, कारण घरात क्षय असेल तर नुसत्या खाऊने वजन चढत नाही. तिसरं, मुलगी खायला मागते का? भूक असलेलं मूल घरी सुधारता येतं. भूकच मेली असेल तर दवाखाना.

आता पेजेकडे वळू, कारण बहुतेक घोटाळा तिथेच आहे. ७ किलोच्या आसपासच्या बाळाच्या पोटात एका वेळी २०० मिलिलिटरच्या आसपास मावतं. मुठीतले चार दाणे, म्हणजे १० ग्रॅम तांदूळ, २०० मिलिलिटर पाण्यात शिजवून पातळ पेज केली तर वाटीभर पेजेतून ३५ कॅलरी मिळतात. पोट तट्ट फुगतं, बाळ झोपतं, आजीला वाटतं पोटभर झालं. वरणाच्या पाण्याचंही तेच. डाळ तळाशी राहते आणि बाळाला मिळतं हळद-मिठाचं पाणी. ९ ते ११ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दिवसाला सुमारे ३०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. त्या या पेजेतून काढायच्या तर आठ-नऊ वाट्या पाजाव्या लागतील. कुठलंही बाळ एवढी पिणार नाही, आणि प्यायलं तर आईचं दूध सुटेल.

त्या ३०० कॅलरींचा हिशेब धान्यात मांडला की चित्र बदलतं. दिवसाला तांदूळ किंवा नागली (नाचणी) ४० ग्रॅम, डाळ १५ ग्रॅम, शेंगदाण्याचा कूट १० ग्रॅम आणि तेल ५ ग्रॅम. घरगुती मापात सांगायचं तर सपाट भरलेले पोह्याचे तीन चमचे तांदूळ, एक भरलेला चमचा डाळ, एक चमचा कूट आणि चहाचा एक चमचा तेल. महिन्याला हे होतं १ किलो २०० ग्रॅम धान्य, ४५० ग्रॅम डाळ, ३०० ग्रॅम शेंगदाणे आणि १५० ग्रॅम तेल. वर्ष पूर्ण झाल्यावर गरज ५५० कॅलरींच्या घरात जाते, तेव्हा महिन्याला सव्वादोन किलो धान्य, ९०० ग्रॅम डाळ, ४५० ग्रॅम शेंगदाणे, ३०० ग्रॅम तेल धरा. सहा-सात महिन्यांच्या बाळाला मात्र पाऊण किलो धान्य आणि ३०० ग्रॅम डाळ पुरते.

हे आकडे रेशनशेजारी ठेवून बघा. अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, २०२३पासून मोफत. शेतात राबणारा मोठा माणूस दिवसाला ४००-४५० ग्रॅम धान्य खातो, म्हणजे त्याचे ५ किलो बारा दिवसांत संपतात. तान्ह्या मुलीच्या नावाचे ५ किलो आले तर तिला लागतात सव्वा किलो, उरलेले पावणेचार किलो घर खातं. यात गैर काही नाही, पण बदल्यात घर तिचं ४५० ग्रॅम डाळ, ३०० ग्रॅम शेंगदाणे आणि १५० ग्रॅम तेल देणं लागतं. सासूबाईंशी बोलताना मी तरी हाच हिशेब पुढे ठेवेन. "बाळाला चांगलंचुंगलं द्या" म्हटलं की खर्च डोळ्यांपुढे येतो. "तिच्या तांदळातून तुमचे पावणेचार किलो वाचले, तिला अर्धा किलो डाळ द्या" हे पटतं.

तुम्ही लिहिता त्यावरून मुलीचं नाव अजून कार्डावर चढलेलं नाही. जन्माचा दाखला आणि आधार घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करायला सांगा. तालुक्याचा इष्टांक (लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या) भरलेला असेल तर धान्य सुरू व्हायला वेळ लागतो, पण अर्ज पडून असला तर नंबर लागतो. एक अडचण आधीच बघून घ्या. कार्ड अंत्योदयचं (सर्वात गरीब कुटुंबांचं) असेल तर कुटुंबाला महिन्याला एकूण ३५ किलोच मिळतात, माणसं कितीही असोत. तिथे नाव वाढवून धान्य वाढत नाही, आणि घरात सातांहून जास्त माणसं असतील तर माणशी ५ किलोही पडत नाहीत.

रेशन किंवा बाजार ज्या दिवशी घरी येतो त्याच दिवशी बाळाचा महिन्याचा वाटा मोजून वेगळ्या झाकणाच्या डब्यात काढायचा. डाळ आधी, तेल एका लहान बाटलीत. रोज घरच्या भांड्यातून बाळासाठी काढायचं ठरवलं तर महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात डाळ पातळ होते आणि बाळाच्या वाटीत येते ती सर्वात पातळ. पैसे खरोखरच नसतील तर काय आधी घ्यायचं? आधी तेल, मग शेंगदाणे, मग डाळ. पुस्तकात डाळीला पहिला मान असतो, पण श्रावणातल्या टंचाईत बाळाला सर्वात आधी कॅलरी कमी पडतात, आणि त्या सर्वात कमी जागेत तेलातून मिळतात. चहाच्या एका चमच्यात ४० ते ४५. डाळीची जागा काही दिवस घरचे उडीद, कुळीथ किंवा वाल घेऊ शकतात, सालं काढून आणि मऊ शिजवून.

खिचडीचं प्रमाण असं. ४० ग्रॅम तांदूळ आणि १५ ग्रॅम डाळ अर्धा तास भिजवून, पाचपट पाण्यात डाळ बोटाने चिरडेल इतकी शिजवा. उतरवायच्या आधी मूठभर कोवळा पाला बारीक चिरून घाला. शेवगा, माठ, राजगिरा, पावसात कुर्डू किंवा टाकळाही चालतो. शेवळं मात्र नको, ती नीट साधली नाहीत तर घसा खाजतो आणि बाळ पुढचा घास घेत नाही. पळीच्या पाठीने घोटा. गाळू नका. तेल आणि कूट शेवटी. चमचा वाकडा केला की पदार्थ ओघळला नाही पाहिजे, गोळ्याने पडला पाहिजे. मीठ नखभर, मिरची नाही. घरच्यांचं वरण होत असेल तर तिखट-मीठ पडायच्या आधी बाळाचं काढून घ्या, वेगळी चूल पेटवायला लागत नाही. वरून लिंबाचे चार थेंब पिळले तर पाल्यातलं लोह अंगी लागतं. चहा दिला तर तेच लोह वाया जातं, म्हणून चहा-बिस्किट बंद.

दिवसाचं हे प्रमाण तीन वेळांत वाटा, सगळं एकदम शिजवून ठेवू नका. प्रत्येक वेळी साधारण सव्वाशे मिलिलिटर म्हणजे पाव लिटरच्या वाटीची अर्धी. वजन थांबलेल्या या मुलीला याशिवाय दिवसातून दोनदा खाऊ हवा : अर्धं केळं कुस्करून, शेंगदाण्याचा कूट थोड्या गुळात कालवून, किंवा उकडलेलं अंडं. अंडं सहा महिन्यांनंतर पूर्ण देता येतं, पिवळ्यासकट, पण पक्कं शिजलेलं. कोंबड्या असलेल्या घरातली अंडी बहुधा बाजारला जातात. सगळी ठेवायला सांगू नका, ऐकणार नाहीत. आठवड्याला तीन मागून घ्या. सुकट किंवा जवळा घरात असेल तर दोन पाण्यांत धुऊन खारटपणा काढा, भाजा, वस्त्रगाळ पूड करा आणि दिवसाला चहाचा एक चमचा खिचडीत घाला. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, वाटाणे नकोत, श्वासनलिकेत अडकतात. मध वर्षाच्या आत नको.

शेंगदाण्याबाबत पावसाळ्यात सावध राहा. सुरकुतलेले, काळपट, कडवट, बुरशी दिसणारे दाणे निवडून फेकायचे. भाजून झाकायचे नाहीत, त्यातलं बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही. कूट चार-पाच दिवसांपुरताच करा, जास्त दिवसांचा खवट होतो.

दिवसभर आई नाही, हा तुमच्या प्रश्नातला सर्वात अवघड भाग आहे. सकाळी सहाला शिजवलेली खिचडी दुपारी दोनला भरवली की पावसाळ्यात जुलाब ठरलेले. शिजलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर ठेवून देऊ नये. आजीला चूल पेटवणं होत नसेल तर दुपारसाठी सातूचं पीठ करून ठेवा. चार वाट्या गहू, दोन वाट्या चणाडाळ, दोन्ही वेगवेगळं मंद आचेवर खमंग भाजून, गार करून, बारीक दळून घट्ट झाकणाच्या डब्यात. शेंगदाणे यात दळू नका, पीठ लवकर खवट होतं. कूट खाताना मिसळा. आजीने काय करायचं? तीन मोठे चमचे पीठ, उकळलेलं गरम पाणी कालवून घट्टसर होईल इतकंच, चिमूट गूळ, एक चहाचा चमचा तेल. दीडशे कॅलरी झाल्या, चूल न पेटवता. पीठ तीन आठवडे टिकतं. ओला चमचा डब्यात गेला तर आठवडाही नाही.

नागली घरची असेल तर तिचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो फार कमी घरांत माहीत आहे. मोड आणलेल्या नागलीच्या पिठात पिष्ट (स्टार्च) फोडणारं विकर (एन्झाइम) असतं, त्यामुळे घट्ट आंबील पाणी न घालता सैल होते. कॅलरी तेवढ्याच, पण बाळाला गिळायला सोपी. नागली रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात दोन दिवस बांधून मोड आणा, सुकवा, मुळं चोळून काढा, तव्यावर अगदी हलकं गरम करून दळा. वापरताना साध्या पिठाची घट्ट आंबील शिजवून खाली उतरवा, चार-पाच मिनिटं थांबा, मग अर्धा चहाचा चमचा मोडाचं पीठ घालून ढवळा. दोन मिनिटांत सैल होईल. मग एक उकळी द्या. फसतं ते दोन ठिकाणी : उकळत्या आंबीलीत पीठ टाकलं, किंवा दळण्याआधी नागली खरपूस भाजली. दोन्हीत विकर मरतं आणि काहीच होत नाही. हे पीठ वैशाखात, कडक उन्हात करून ठेवायचं असतं. पावसात नागली सुकत नाही, आंबूस वास आला तर ती बाळासाठी वापरू नये. आणि फडक्यातून गाळलेलं 'नाचणी सत्त्व' हा शहरी लाड आहे. चोथ्याबरोबर बरंच कॅल्शियम आणि लोह बाहेर जातं. बारीक चाळलेलं पीठच वापरा.

अंगणवाडीचं काय मिळतं तेही पुरतं वसूल करा. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरपोच आहारातून दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात ठरला, कुपोषित मुलासाठी ८०० कॅलरी. घरी आलेलं पाकीट चार भावंडांत वाटलं जातं किंवा चव आवडली नाही म्हणून कोपऱ्यात पडतं. चवीची तक्रार खरी आहे. गोड पीठ नाचणीच्या आंबीलीत अर्धं-अर्धं मिसळलं, किंवा तव्यावर थोड्या तेलात जाडसर धिरडं केलं तर खातात. पाकिटावर मुलीचं नाव लिहून तिच्याच डब्याशेजारी ठेवायला सांगा. गाव अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात असेल तर अमृत आहार योजनेत सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी आहेत. तीन वर्षांखालची मुलं अंगणवाडीत बसत नाहीत, म्हणून त्यांचं अंडं बुडतं. त्या चार दिवशी ते जाऊन आणणारं माणूस ठरवा, मोठी बहीण शाळेत जाता-जाता खाऊ घालून आणू शकते. याच योजनेतलं स्तनदा आईचं चौरस जेवण मात्र बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंतच असतं, म्हणून ते या आईला आता मिळत नाही.

भरवताना मुलीची वाटी वेगळी हवी. मोठ्यांच्या ताटातून चार घास दिले की कोणालाच कळत नाही किती पोटात गेलं. आजीला सांगा, वाटी संपली की नाही एवढंच संध्याकाळी आईला सांगायचं. आईने घरी आल्यावर आधी अंगावर घ्यावं, रात्रीचं पाजणं सोडू नये, दोन वर्षांपर्यंत. बाटली आणि वरचं दूध सुरू करू नका.

औषधांत तुमच्या हातातलं एवढंच : आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं सिरप, नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेला लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा १ लाख युनिटचा डोस. जंताची गोळी वर्षानंतर, एक ते दोन वर्षांत अर्धी, चुरून. सिरप तीव्र कुपोषित मुलाला स्वतःहून सुरू करू नका, तिथे डॉक्टर ठरवतात. जुलाब झाले तर ओआरएस आणि जस्ताची २० मिलिग्रॅमची गोळी पूर्ण १४ दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळी थांबवली जाते, मग महिनाभरात पुन्हा जुलाब. आजारात खाणं तोडायचं नाही, आणि बरी झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

वजन दर आठवड्याला, त्याच वारी घ्या. दोन आठवड्यांत १००-१५० ग्रॅम चढलं तर वाट बरोबर आहे. चार आठवड्यांत काहीच हललं नाही आणि वाटी खरोखर संपते आहे, तर आजार शोधायला डॉक्टरांकडे. दंडघेर ११.५च्या खाली गेला आणि भूक आहे तर अंगणवाडीत चालणारं ग्राम बाल विकास केंद्र. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबल्यावर खळगा राहिला, मूल मलूल पडलं, सगळं उलटून टाकायला लागलं किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय, पोषण पुनर्वसन केंद्र असलेलं. घरचे मजुरी बुडते म्हणून नेत नाहीत. आदिवासी भागात भरतीच्या दिवसांची बुडीत मजुरी मिळते, ती चौकशी तुम्ही आधीच करून ठेवा म्हणजे दारात उभं राहून सांगता येईल.

शेवटची गोष्ट दिवाळीनंतरची. हे कुटुंब वीटभट्टीवर किंवा बाहेरगावी कामाला जात असेल तर रेशन तिथल्या दुकानात अंगठा लावून घेता येतं, आणि अंगणवाडीसाठी रेशनकार्ड लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या आदेशानंतर ती सेवा सर्वच मुलांसाठी आहे. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, गेल्या चार वजनांची नोंद आणि सातूच्या पिठाचा डबा बरोबर द्या, आणि तिथल्या सेविकेचा नंबर मिळाला तर फोन करून मुलीचं नाव आधीच कळवा.